ओएमजी १९१७ सालचं? लघुरूपांच्या जुन्या मुळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात सापडत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. ‘ओएमजी’ शंभर वर्षांहून जुनं आहे म्हणे. खरं आहे की फॉरवर्डमधली थाप?

खरं आहे. ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटिश नौदलाचे निवृत्त ॲडमिरल लॉर्ड जॉन फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना एक पत्र लिहिलं. शेवटी त्यांनी टोमणा मारला, तो साधारण असा: सरदारकीचा एक नवा किताब निघायच्या बेतात आहे म्हणे, ओ.एम.जी. (ओह! माय गॉड!), तेवढा आपल्या नौदल खात्यावर त्याचा वर्षाव होऊ द्या!! दोन उद्गारचिन्हं त्यांचीच. वय तेव्हा ७६.

हा विनोद कळायला ब्रिटिश किताबांची अक्षरं आठवावी लागतात: ओ.एम., सी.एम.जी., के.सी.एम.जी. त्यांच्या रांगेत ओ.एम.जी. अगदी खपून जातं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा नवा किताब सुरू झाला होता, म्हणजे विषय ताजाच होता. ऑक्सफर्ड इंग्लिश कोशाने मार्च २०११ मध्ये ओएमजीला जागा दिली तेव्हा पहिला दाखला म्हणून हेच पत्र घेतलं.

२. म्हणजे आपण रोज टाइप करतो ते ओएमजी फिशरसाहेबांकडून आलं?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. फिशरनी कंसात अर्थ स्वतः लिहून दिला होता. चर्चिलना ही अक्षरं ओळखीची असती तर कंसाची गरजच नव्हती. तो त्या क्षणी सुचलेला शाब्दिक विनोद होता आणि पत्राबरोबर संपला. नंतर कित्येक दशकांनी संगणकाच्या पडद्यावर गप्पा मारणाऱ्या लोकांनी तीच तीन अक्षरं नव्याने जुळवली, फिशरचं नावही न ऐकता.

एखादं लघुरूप जुनं असणं वेगळं आणि आजच्या लघुरूपाचं ते मूळ असणं वेगळं. आजोबा आणि नातू सारखे दिसतात तसे दोन अनोळखी माणसंही सारखी दिसू शकतात. या पानावरची काही उदाहरणं खरोखर वंशावळीतली आहेत (ओके, पोटस), काही नुसती चेहरेपट्टीची.

३. ‘ओके’चा नेमका फुलफॉर्म काय?

‘ऑल करेक्ट’, पण मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचा: ‘ओल कोरेक्ट’.

१८३०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वर्तमानपत्री मंडळींना लघुरूपांचं खूळ लागलं होतं. नुसती लघुरूपं करून त्यांचं भागत नव्हतं. आधी स्पेलिंग अडाण्यासारखं बिघडवायचं आणि मग त्याची आद्याक्षरं घ्यायची. ‘ऑल राइट’ साठी ओ.डब्ल्यू. (‘ओल राइट’, तेही डब्ल्यूने सुरू होणारं!), ‘नो गो’ साठी के.जी. या खुळात २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एक चेष्टेखोर मजकूर आला. विषय होता घंटा वाजवण्याविरुद्धची एक संघटना, तिचंही नाव आद्याक्षरांतच. त्या मजकुरात ओ.के. छापलं गेलं आणि शेजारी अर्थ दिला: ऑल करेक्ट.

बाकीची भावंडं वर्षा-दोन वर्षांत गेली. ओके तगलं ते राजकारणामुळे. १८४०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन उभे होते. त्यांचं जन्मगाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ओ.के. क्लब काढले. विरोधकांनी लगेच कंडी पिकवली की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदांवर ‘ओल कोरेक्ट’चं ओके मारायचे. व्हॅन ब्यूरन पडले, ओके निवडून आलं.

हे सगळं जुन्या वर्तमानपत्रांतून खणून काढलं ॲलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकाने, १९६३-६४ मध्ये. त्याआधी ओकेला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ भाषेपासून ग्रीकपर्यंत डझनभर आईबाप चिकटवले गेले होते, आणि अजूनही चिकटवले जातात. ओके म्हणजे ‘झिरो किल्ड’, एकही मेला नाही, ही लढाईची गोष्ट कोणी सांगितलीच तर सरळ प्रश्न १२ दाखवा.

४. ‘एलओएल’चा मूळ अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’ होता ना?

जुन्यात जुना नोंदलेला अर्थ याहून गमतीचा आहे. ऑक्सफर्ड कोशानुसार १९६०पासून एलओएल म्हणजे ‘लिट्ल ओल्ड लेडी’, छोटीशी म्हातारी! हसण्याचा अर्थ आला तो टेलिफोनच्या तारेवर जोडलेल्या संगणकांच्या जगातून. मे १९८९ मध्ये फिडोनेट या जाळ्याच्या बातमीपत्रात लघुरूपांची यादी आली, तीत ते आहे.

‘लॉट्स ऑफ लव्ह’ हा पत्र लिहिणाऱ्या पिढीला सहज सुचणारा अर्थ. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून त्याच समजुतीने मेसेजखाली एलओएल लिहीत असत. ही गोष्ट मे २०१२ मध्ये वृत्तपत्रांच्या वागणुकीवरच्या लेव्हिसन चौकशीत साक्षीतून बाहेर आली आणि देशभर एलओएल झालं, दुसऱ्या अर्थाने.

५. तारेला शब्दामागे पैसे पडायचे, म्हणून लघुरूपं जन्माला आली. बरोबर?

अर्धं बरोबर. हे उत्तर जरा लांब होईल, कारण ही समजूत शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे पसरली आहे.

तार महाग होती यात वादच नाही. १८६६ मध्ये अटलांटिकखालून केबल सुरू झाली तेव्हा २० शब्दांचे २० पौंड पडत. पण पैसे मोजले जात शब्दांचे. ‘यू’ हा शब्द तीन अक्षरांत लिहा की एका अक्षरात, मोजताना शब्द एकच. मग ग्राहक अक्षरं कशाला वाचवेल? तो शब्द गाळायचा (‘आई आजारी ताबडतोब निघा’), किंवा व्यापारी असेल तर संकेतकोश वापरायचा, ज्यात एका शब्दामागे अख्खं वाक्य दडलेलं असे.

अक्षरं वाचवत होते ते तारमास्तर. प्रत्येक अक्षर त्यांना बोटाने वाजवावं लागे आणि पलीकडच्याला कानाने टिपून हाताने लिहावं लागे. काम नसेल तेव्हा हीच मंडळी रिकाम्या तारेवर शेकडो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या सहकाऱ्यांशी गप्पा मारत. १८९० सालच्या एका अमेरिकी वृत्तपत्रलेखात अशा गप्पांचा नमुना छापला आहे. ‘हाउ आर यू धिस मॉर्निंग’ याची पाच पुडकी होतात: एच-डब्ल्यू, आर, यू, टी-एस, एम-एन-जी. ‘यू’चा सोडला तर एकही स्वर उरत नाही. पलीकडचा उत्तरतो की तब्येत काही खास नाही, मलेरिया झालाय बहुतेक. स्वर गाळायचे, ‘आर’ला एक अक्षर, ‘यू’ला एक अक्षर. तारीख झाकली तर हा संवाद कुठल्याही फोनवर सापडेल.

पुढे हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, हा वारसा उचलला. ‘सी यू लेटर’ला सी-यू-एल, ‘थँक्स’ला टी-एन-एक्स. हसण्यासाठी त्यांच्याकडे एच आणि आय होते. मोर्समध्ये एच म्हणजे चार टिंबं, आय म्हणजे दोन. डिडिडिडिट, डिडिट. कानाला ते खरंच कुणी खुदखुदल्यासारखं ऐकू येतं. तोंडाने बोलण्याची सोय झाल्यावरही अनेक हॅम ‘हाय हाय’ म्हणून हसतात. आपल्या ‘हाय हाय’चा सूर कानात असेल तर जरा दचकायला होतं खरं.

६. ‘पोटस’ आणि ‘स्कोटस’ हे ट्विटरवाल्यांचे शब्द ना?

तारवाल्यांचे. बातमीदार वॉल्टर फिलिप्स यांनी १८७९ मध्ये वृत्ततारांसाठी लघुरूपांचा कोश छापला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी ‘स्कोटस’ त्यात तेव्हापासून आहे आणि राष्ट्राध्यक्षांसाठी ‘पोटस’ १८९५ पासून. ही खरी वंशावळ: तारयंत्र, मग वृत्तसंस्था, मग वॉशिंग्टनचे पत्रकार, मग सगळे.

७. एएसएपी, एफवायआय, आरआयपी यांचं काय?

भराभर सांगतो. एएसएपी (‘ॲज सून ॲज पॉसिबल’) १९५०च्या दशकातल्या अमेरिकी लष्करातलं. एफवायआय (‘फॉर युअर इन्फर्मेशन’) १९४१ पासूनच्या कार्यालयीन टिपणांतलं. आरआयपी लॅटिन ‘रेक्विएस्कात इन पाके’ यावरून, इंग्रजी ‘रेस्ट इन पीस’ त्या अक्षरांत बसलं हा सुदैवी योग. खालच्या ओळीत ‘पी.एस.’ लिहितात तेही लॅटिनच, ‘पोस्ट स्क्रिप्टुम’, आपलं ‘ता.क.’. आणि ईमेलमधलं @ हे चिन्हही जुनं. ४ मे १५३६ रोजी फ्रान्चेस्को लापी या व्यापाऱ्याने सेव्हिलहून लिहिलेल्या पत्रात ते आहे, ‘अँफोरा’ या दारू मोजायच्या मापासाठी.

८. शब्दाऐवजी आकडा किंवा अक्षर लिहायची खोड (‘टू’ला २, ‘यू’ला एक अक्षर) तरी आजचीच असेल?

‘आय.ओ.यू.’ आठवा. ‘आय ओ यू’, मी तुझं देणं लागतो. उधारीची ही चिठ्ठी सतराव्या शतकापासून चालत आली आहे आणि तिच्यातली ‘ओ’ व ‘यू’ ही अक्षरं शुद्ध आवाजासाठी आहेत.

एकोणिसाव्या शतकात याचा खेळ झाला. १८६७ मध्ये चार्ल्स बॉम्बॉ या अमेरिकी संग्राहकाने छापलेल्या एका विनोदी कवितेत प्रेयसीचं नावच के-टी-जे आहे, मोठ्याने वाचलं की ‘केटी जे’. ‘टू’च्या जागी २, ‘बिफोर’च्या जागी बी आणि ४, ‘एक्सेल’च्या जागी एक्स-एल. काटकसरीशी या कवितेचा काडीचा संबंध नाही. छापखान्यात जागा भरपूर होती, वाचणाऱ्याला कोडं घालायचं होतं. ओकेचंही तेच (प्रश्न ३). म्हणून मला ‘वेळ वाचवण्यासाठी लघुरूपं’ हे स्पष्टीकरण कायम अपुरं वाटतं.

९. सैनिकांच्या पत्रांत पाकिटाच्या मागे अक्षरं असायची म्हणतात. ती कसली?

दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्रज सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं पाकिटाच्या झडपेवर लिहीत. ‘स्वॉल्क’ म्हणजे ‘प्रेमळ चुंबनाने बंद केलेलं’. हॉलंड आणि इटली ही नावंही तशीच वापरली जात. ‘इटली’ म्हणजे ‘आय ट्रस्ट अँड लव्ह यू’. काही लघुरूपं इतकी धीट होती की इथे फोड करून देणार नाही, पण नॉर्विच शहराचं नाव त्यात होतं एवढं सांगतो.

ही पत्रं वरिष्ठ अधिकारी तपासत. तिऱ्हाईत डोळ्यांसमोरून खाजगी गोष्ट न्यायची तर तीन-चार अक्षरांइतकं सोयीचं दुसरं काय? आईवडिलांच्या नजरेखाली मेसेज टाकणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

१०. सगळ्यात जुनं उदाहरण कोणतं?

‘सगळ्यात’ हा शब्द मी टाळतो, पण रोमनांपर्यंत तर सहज जाता येतं. रोमन माणूस पत्राच्या सुरुवातीला एस.व्ही.बी.ई.ई.व्ही. लिहायचा: ‘सी वालेस, बेने एस्ट, एगो वालेओ’. तू खुशाल असशील तर छान, मी खुशाल आहे. सिसेरोच्या पत्रसंग्रहात हे भेटतं. कोणी वाचत नाही पण लिहावं तर लागतं, अशा मजकुराची गत दोन हजार वर्षांपूर्वीही हीच होती.

माझं आवडतं मात्र थडग्यांवरचं आहे. एन.एफ.एफ.एन.एस.एन.सी. ‘नॉन फुई, फुई, नॉन सुम, नॉन कुरो’. नव्हतो; होतो; नाही; फिकीर नाही. हे इतक्या थडग्यांवर खोदलं जाई की नुसती सात अक्षरं पुरेशी होत. दगडावर छिन्नीने एकेक अक्षर कोरायचं म्हटल्यावर पाथरवटाला लघुरूप आवडणारच, पण आपल्या मरणावर सात अक्षरांत खांदे उडवणारा माणूस पाथरवटाचे कष्ट वाचवत नव्हता.

११. हे सगळं परदेशी झालं. मराठी-संस्कृतात काहीच नव्हतं?

होतं, आणि भरपूर. जुन्या पत्रांवरचं सा.न.वि.वि. आठवा: साष्टांग नमस्कार विनंती विशेष. रोमन एस.व्ही.बी.ई.ई.व्ही.चं (प्रश्न १०) हे सख्खं भावंड शोभेल. ती., चि., सौ., रा.रा., कै., मु.पो., ता.क., एका पोस्टकार्डावर अर्धा डझन लघुरूपं सहज भेटायची. घरातल्या जुन्या पत्रांचा गठ्ठा काढला होता तेव्हा भाच्याने सा.न.वि.वि.वर बोट ठेवून विचारलं, ‘हा पासवर्ड आहे का?’ मोडी कागदांत तर ‘मशारनिल्हे’ (वर उल्लेखलेले) हा लांबलचक शब्द ‘मा।निल्हे’ होऊन बसतो.

त्याही मागे शिलालेख आहेत. तिथींपुढे येणारे ‘शुदि’ आणि ‘वदि’ हे मुळात शब्द नव्हेत. शुक्ल पक्षाचा दिन आणि बहुल, म्हणजे कृष्ण, पक्षाचा दिन यांची ती लघुरूपं. वापरून वापरून त्यांचे शब्द झाले, जसे रडार आणि लेझरचे झाले.

आणि मग पाणिनी. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास त्याने वर्णमालेची चौदा सूत्रांत मांडणी वापरली आणि त्यातून प्रत्याहार काढले. सुरुवातीचा वर्ण घ्यायचा, शेवटची खूण जोडायची, मधलं सगळं आत आलं असं धरायचं. ‘अच्’ म्हणजे सगळे स्वर, ‘हल्’ म्हणजे सगळी व्यंजनं. ‘हलन्त’ हा शब्द आपण आजही टंकलेखनात वापरतो, त्यातला ‘हल्’ तोच. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं त्यांच्याविषयी संस्कृतात म्हटलं आहे. मेसेजमध्ये स्वर खाणाऱ्यांनी हे वचन भिंतीवर लावायला हरकत नाही.

१२. एसओएस म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’, पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट स्टारबोर्ड होम’, न्यूज म्हणजे चार दिशा. यातलं खरं काय?

तिन्ही खोटं.

एसओएसला फुलफॉर्मच नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये न थांबता. गोंगाटातही ओळखू येणारा ठेका म्हणून जर्मनीने तो १९०५ मध्ये नियमात घेतला, १९०६च्या बर्लिन करारात तो आला आणि १ जुलै १९०८ पासून लागू झाला. टायटॅनिकने १९१२ मध्ये आधी सीक्यूडी हा जुना संकटसंकेत आणि मग एसओएस असे दोन्ही पाठवले. ‘आमचे प्राण वाचवा’ हे मागाहून बसवलेलं.

पॉशची गोष्ट अशी की हिंदुस्थानला येणारे धनिक जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीची खोली घेत आणि तिकिटावर तसा शिक्का असे. असं एकही तिकीट मिळालेलं नाही. न्यूज हे तर ‘न्यू’चं सरळ अनेकवचन, चौदाव्या शतकापासूनचं. बक्षिशीच्या ‘टिप’चीही अशीच एक बनावट फोड फिरत असते.

१३. एखादा फुलफॉर्म बनावट आहे हे स्वतः कसं ओळखायचं?

वय बघा. आद्याक्षरं जोडून उच्चारता येणारा शब्द बनवायची इंग्रजीतली मुख्य लाट विसाव्या शतकातली, युद्धांच्या आणि सरकारी खात्यांच्या काळातली. ‘ॲक्रोनिम’ ही संज्ञासुद्धा इंग्रजीत १९४०च्या आसपासची. शब्द त्याहून दोन-तीनशे वर्षं जुना असेल आणि कोणी त्याचा चार शब्दांचा फुलफॉर्म सांगत असेल तर फोड नंतरची समजा. फोड फारच नेटकी, गोष्टीसकट असेल तर दुप्पट संशय घ्या.

अपवाद आहेत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं माशाचं चिन्ह ग्रीक ‘इख्थुस’ या शब्दावरचं, त्यातली पाच अक्षरं म्हणजे ‘येशू ख्रिस्त, देवपुत्र, तारणहार’. ज्यू परंपरेत मोठ्या पंडितांची नावंच आद्याक्षरांची: १२०४ मध्ये वारलेले मैमोनिडीस म्हणजे ‘रांबाम’.

सगळ्यात फसवं उदाहरण ‘कॅबाल’, म्हणजे कारस्थानी टोळकं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचे पाच मंत्री होते क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, ॲशली आणि लॉडरडेल. इंग्रजीत त्यांची आद्याक्षरं बरोबर हाच शब्द देतात! पण शब्द आधीपासून होता, ‘कब्बाला’ या ज्यू गूढविद्येच्या नावावरून फ्रेंचमार्गे आलेला. मंत्र्यांची नावं जुळली हा योगायोग, आणि लोकांनी तो अर्थातच सोडला नाही.

१४. मग एसएमएसने काहीच नवं केलं नाही?

केलं, एका मापाची सक्ती केली. १९८५ मध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने टंकयंत्रावर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली, आणि तीच मर्यादा ठरली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, ‘मेरी ख्रिसमस’. त्यात एकही लघुरूप नव्हतं.

देवनागरीला मात्र १६० मिळत नाहीत. त्या मेसेजला ७० चीच मर्यादा, आणि मोजणीत प्रत्येक काना-मात्रा-हलन्त वेगळा. ‘स्त्री’ एवढं लिहिलं की सहा गेले. मराठी माणूस फोनवर रोमन लिपीत का शिरला याचं निम्मं उत्तर इथे आहे.

१५. या लघुरूपांनी भाषा बिघडते, असं आमचे सर म्हणतात. तुमचं मत?

सरांची तक्रार लघुरूपांइतकीच जुनी आहे. सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये आपल्या कायदेसंग्रहाच्या प्रतींत लघुरूपं वापरायला बंदी घातली, आणि वापरणाऱ्याला बनावट दस्तऐवजाची शिक्षा सांगितली. कायद्यापुरतं मी त्याच्या बाजूने आहे. औषधाच्या चिठ्ठीपुरतंही.

सप्टेंबर १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’मध्ये लिहून शब्द तोडणाऱ्यांना झोडपलं. ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन शब्दांचं मुंडकं तेवढं ठेवून केलेला ‘मॉब’ त्याच्या विशेष डोळ्यांत सलत होता. तो थोपवायला आपण वर्षानुवर्षं झटलो पण पलीकडची संख्याच भारी पडली, असं त्याने हताशपणे कबूल केलं. मॉब आज शुद्ध इंग्रजी आहे.

त्याच महिन्यात हाच स्विफ्ट लंडनहून एस्थर जॉन्सन आणि रिबेका डिंगली या दोन मैत्रिणींना रोजनिशीसारखी पत्रं लिहायला बसला होता. त्यांत त्या दोघींसाठी तो लिहितो एम.डी., आणि स्वतःसाठी पी-डी-एफ-आर.